गोणपाटाखालचा कंप्युटर

१२ एप्रिल २००४

ठरलं! तहसीलसमोर अकरा वर्षं टाइपरायटर बडवला, आता बोटं पुरे म्हणतात. अर्ज, प्रतिज्ञापत्रं – सगळं घरी बसून कंप्युटरवर करीन. पैसा माझा, निवड माझी.

हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोरच असतात. लगेच म्हणाले, "पेन्टियमच घे अंजना. बाकीचं सब डुप्लिकेट राह्यते."

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीतही यांचं पेन्टियम सुरूच! भेटेल त्याला जयभीम, आणि मग – तुमच्याकडे कोणता?

१७ एप्रिल

लोकेशच्या कंप्युटरच्या दुकानात गेलो. पेन्टियम आहे, दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅथलॉनही आहे. अ‍ॅथलॉन बराच स्वस्त. "दीदी, दोनों फर्स्ट क्लास," म्हणतो. बाहेर येताच हे कुजबुजले, "स्वस्त काऊन देऊन राहिला थो? टीव्हीवर त त्याचं नावबी नाही येत!"

टीव्हीवर माझंही नाव येत नाही. तरी दोन्ही वेळचं माझ्या हातचंच खातात ना!

१९ एप्रिल

आज मजा केली. तांदूळ घ्यायचा तर आपण दोन नमुने शिजवतो, कोणता कुठला ते न सांगता घरच्यांना वाढतो. तसंच केलं. लोकेशला म्हटलं, कंप्युटरच्या दोन्ही डब्यांवर गोणपाट टाक. यांना बसवलं. दोन्हीकडे स्वतःचं नाव टाइप करायचं, बस. केवळरामातला 'क' शोधायलाच तीन मिनिटं! मग छाती फुगवून डावीकडे बोट – "हाच पेन्टियम! कसा पळून राहिला!"

गोणपाट काढलं. अ‍ॅथलॉन!

लोकेश हसून हसून खाली बसला. हे उठून दुकानाबाहेर गेले. मला फार बरं वाटलं, मग जरा वाईटही. खरं तर मलाही फरक कळला नव्हता. यांच्या आधी मी एकच अर्ज दोन्हीवर टाइप करून पाहिला होता, दोन्ही यंत्रं माझ्याच बोटांची वाट पाहत होती. स्वस्त तो घेतला.

२३ एप्रिल

बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, दाराला पाटी – टायपिंग, पानाला आठ रुपये. हे माझ्याशी बोलत नाहीत. रोज सकाळी कुठे जातात तेही सांगत नाहीत.

२ मे

गिऱ्हाईक येतंय! आज नऊ पानं. यांचा अबोला तसाच. घर खायला उठतं.

९ मे

लोकेश खोकं घेऊन आला. "दीदी, अंकल रोज मेरे यहाँ टाइपिंग सीख रहे थे." यांनी फंडातून पेन्टियम घेतलाय. माझ्या दाराआधी, ओसरीतच टेबल टाकलंय. वर पाटी – पानाला सहा रुपये!