उंदराच्या पिल्लाला चावायला शिकवताना

माझ्या धाकट्या बहिणीस, म्हणजे आमच्या उंदरीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे गुडघे सोडून सगळे खुशाल. तुझी खुशाली विचारत नाही, ती तुझ्या सूनबाईने फोनवर सांगितली. नवी कवळी डबीत, तू मागच्या खोलीत, आणि दार लावून दुधात कुस्करलेला पाव. चारचौघांत जेवायची लाज वाटते म्हणे. अगं, जिच्या दातांच्या खुणा माहेरच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर होत्या, म्हणून अख्खं घर जिला उंदरी म्हणायचं, ती तूच ना?

आता गंमत ऐक. हे पत्र लिहून घेणारी माझी नात प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लं चावायला कशी लागतात ते बघत बसते, आणि त्याचा तिला पगार मिळतो! (लिहिताना नाक मुरडतेय.) परवा घरात रंगकाम निघालं म्हणून मलाही सोबत नेलं, स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "आजी, कशाला हात लावायचा नाही हं." समोर पेटीत एक पिल्लू, दात नुकते फुटलेले. त्याला बिस्किटाचा तुकडा दिलेला, तर ते आपलं चोखतंय. मधेच जबडा हलला, तोही तिरका, जीभ भलतीकडेच. मग पुन्हा चोखणं सुरू. मला तूच दिसलीस बघ. आईच्या मांडीवर, मुठीत पावाची कड, डोळे मिटलेले, चावताना कानसुद्धा हलायचे. मी समोर बसून रिकामं तोंड हलवून दाखवायची, "अशी, अशी कर." तुला चावायला मी शिकवलं, हे मी जन्मभर मिरवलं.

तर ही म्हणते, कुणी शिकवत नाही, आजी. चोखणं जन्मतःच येतं. चावण्याच्या तारा मेंदूच्या देठाशी असतात, पण कच्च्या. दात फुटले, त्यांखाली काही कडक आलं, की दातच वर निरोप धाडतात. मग हळूहळू जबडा, जीभ, गाल यांचा मेळ बसतो. मऊच खात राहिलेल्या पिल्लांचा मेळ कच्चा राहतो. ऐकलंस? मऊच खात राहिलेल्या! माझं श्रेय गेलं, पण तुझा दुधातला पावही गेला. आठवतं, मागच्या पायरीवर आपण कणसं घेऊन बसायचो? तुझं आधी संपायचं आणि मग माझ्या कणसावर डोळा. अजून कणीस हातात आलं की माझा दुसरा हात आपोआप आडवा जातो.

तेव्हा डबी उघड, कवळी लाव आणि सगळ्यांत बसून जेव. लाजायचं काय त्यात?

तुझी थोरली (अक्षर नातीचं, अंगठा माझा)

ता.क. नात म्हणते, पिल्लाची गोष्ट अर्धीच सांगितलीस. बरं बाई. राहवलं नाही, म्हणून त्यालाही मी तोंड हलवून दाखवलं. माझी वरची कवळी सुटली आणि थेट पेटीत. पिल्लाने पहिला खराखुरा चावा तिलाच घेतला. हिच्या साहेबांनी ती चिमट्याने उचलली आणि अदबीने विचारलं, "ही कुठल्या प्राण्याची?"

ता.क. आणखी एक. तेव्हापासून माझीही डबीतच आहे, आणि मीही मागच्या खोलीतच जेवते. एकटीने लावायचा धीर होत नाही गं. तू डबी घेऊन ये. सगळ्यांकडे पाठ करून पायरीवर बसू. मी कणसं आणवून ठेवते. समोर बसून दाखवीन, अशी, अशी. या खेपेला माझ्या कणसाला हात घातलास तरी आडवी येणार नाही.