नाव घेऊन वाजवलेली घंटा

१४ नोव्हेंबर १९७६

आलो एकदाचा! ट्रकमध्ये एक गादी, चार भांडी, लोणच्याच्या बरण्या आणि बायकोचं, पाराश्काचं, शिवणयंत्र, एवढा माझा संसार. शिवणयंत्र का आणलं ते मलाच ठाऊक नाही. गावातलं धान्याचं कोठार बंद पडलं, रेल्वेनं रूळसुद्धा उचलून नेले, तेव्हापासून मी रिकाम्या न्हाव्यासारखा भिंतीला तुंबड्या लावत होतो. आता कर्ल्यू सरोवराच्या पार्कात हिवाळ्यापुरता राखणदार झालोय. नेस्टर हाव्रिलुक, वय छप्पन्न, नोकरी नवी. ऐकायला बरं वाटतं.

राहायला ऊबघराच्या मागची खोली. ऊबघरात लोखंडी शेगडी आहे, भिंतींच्या कडेनं बाक आहेत आणि खिडकीतून सगळं सरोवर दिसतं. मासे धरणारे, स्की करणारे, टेकडीवरून घसरणारी पोरं, सगळी इथेच शेकायला येतात. पलीकडच्या दलदलीत पाखरांसाठी राखलेली जागा आहे, पण हंस कधीच दक्षिणेला गेलेत. हरणं मात्र दाराशी येतात आणि माझ्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघतात.

पार्क समितीच्या अध्यक्ष गुडरून ओडेगार्ड बटाट्याच्या पातळ पोळ्या घेऊन आल्या होत्या. बाई सत्तरीच्या, मूळ नॉर्वेच्या, आणि बर्फाबद्दल नॉर्वेच्या माणसाला कुणी शिकवू नये असं त्यांचं ठाम मत. लाकडं कुठली फोडायची, बर्फ किती जाड झाल्यावर माणसाला जाऊ द्यायचं आणि किती झाल्यावर गाडीला, सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. अंगणात एका मोडलेल्या चर्चची घंटा टांगलीय. वादळ आलं आणि काही दिसेनासं झालं की ती वाजवत राहायची, म्हणजे सरोवरावर अडकलेली माणसं आवाजाच्या रोखानं येतात. दाराला कडी लावायची नाही. येईल त्याला कॉफी द्यायची. निघताना ट्रकच्या काचेतून त्या म्हणाल्या, “आणि घंटा कुणा एकाचं नाव घेऊन वाजवायची नाही, नेस्टर. सगळ्यांसाठी वाजवायची.” मी म्हटलं, नॉर्वेत माणसांना नावं असतात ना? त्या हसल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर

सरोवर गोठलं. रात्रभर बर्फ तडतडत होता आणि मधूनच लांबवर डुरकल्यासारखा आवाज येत होता. मला बरं वाटलं, सोबत असल्यासारखं.

दिवस चांगले जातात. लाकडं फोडतो, स्कीची वाट आखतो, हरणांना गवताचे पेंढे टाकतो. नव्याचे नऊ दिवस म्हणावेत तर आता पंधरवडा होत आला. पाराश्का एप्रिलमध्ये गेली. तेव्हा मी रडलो नाही. पुरतानाही नाही. ओरिसिया, आमची एकुलती एक मुलगी, थडग्यापाशी मला म्हणाली होती की बाबा, तू दगड आहेस. मग ती शहरात तिच्या शाळेवर निघून गेली आणि आम्ही बोललो नाही. ती चुकली नव्हती. थंडीनं बोटं बधिर होतात तसं आत काहीतरी झालंय. दुखत नाही, हीच तक्रार आहे.

९ डिसेंबर

पहिलं वादळ. दुपारी आभाळ आणि जमीन एक झाली, अंगणातला ट्रकही दिसेना. मी घंटा धरली. थोडी वाजवायची, आत येऊन हात शेकायचे, पुन्हा बाहेर. मासे धरणारे तिघे भाऊ एकमेकांना दोरीनं बांधून आले. मिशांना बर्फाचे लोलक, आणि तोंडं शिव्यांनी भरलेली. कॉफी पिऊन माणसात आले, मग मला माझ्या कॉफीवरून टोमणे मारत बसले. ही कॉफी प्यायल्यावर बर्फात मरणं परवडलं असतं, असं थोरला म्हणाला. खूप दिवसांनी हसलो.

कोपऱ्यातल्या बाकावर चौथा एकजण होता. तो कधी आला ते बघितलं नाही. जुनी लोकरी टोपी, दाढीत बर्फ. मी कप दिला तो त्यानं दोन्ही हातांत धरला. वारा पडल्यावर भाऊ निघून गेले, त्यानंतर केव्हातरी तोही गेला. कप तसाच भरलेला होता. शेगडीपासून हातभर अंतरावर, आणि कॉफीवर बर्फाची साय धरली होती.

११ डिसेंबर

गावात किराणा आणायला गेलो. दुकानात कॉफीच्या टेबलाशी एल्मर टॉफ्ट भेटला, माझ्याआधीचा राखणदार. घंटेनं त्याचा एक कान गेलाय आणि दुसऱ्या कानानं तो सोयीचं तेवढंच ऐकतो. त्यानं आधी आम्हा युक्रेनी लोकांच्या लसणाच्या वासावरून माझी यथेच्छ टिंगल केली. मग मी कोपऱ्यातल्या माणसाचं सांगितलं, तशी त्यानं खुर्ची जवळ ओढली.

“नाव सांगितलं का त्यानं तुला?” त्यानं विचारलं.

मी नाही म्हटलं.

“मग ठीक. सरोवरावर राहिलेली माणसं ती. घंटा ऐकून येतात बिचारी, बसतात, शेगडी निवली की जातात. त्यांना आता नाव उरलेलं नाही, म्हणून टिकत नाहीत. तू कुणाचं नाव तेवढं हातात देऊ नकोस त्यांच्या. मिळालं तर सोडणार नाहीत.”

हिवाळेच्या हिवाळे एकट्यानं काढले की माणसाला असं होत असणार. कपावरची साय मात्र मी पाहिली होती. घरी येऊन कप घासला आणि फळीवर उपडा ठेवला.

२ जानेवारी

ओरिसियाचा फोन आला. ऊबघरातला फोन एरवी कायम मेलेला असतो, आज जिवंत होता. आधी दोघंही हवेबद्दलच बोललो. मग ती म्हणाली, “बाबा, सहा तारखेला येते मी. आपल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईचं ताट आपण दोघं मिळून मांडू. तू एकट्यानं मांडू नकोस.”

मी बरं म्हटलं. आमचा नाताळ जुन्या पंचांगाचा, सात जानेवारीला, आणि आदल्या संध्याकाळच्या जेवणाला घरातल्या गेलेल्या माणसाचंही ताट मांडायची आमची रीत. आणखी बोलायचं होतं. मी दगड नाही, असं काहीतरी. ती आल्यावर बोलेन. बोलायलाच हवं. या वेळी गप्प बसलो तर ती पुन्हा यायची नाही, हे तिच्या आवाजावरूनच कळलं.

बर्फावरून गाड्या जायला लागल्यात. पैलतीरापासून पार्कापर्यंत वाट दिसावी म्हणून मी भोकं पाडून त्यांत सूचिपर्णी झाडांच्या फांद्या रोवल्या. तिला सांगितलं, फांद्या धरून सरळ ये, हमरस्त्याचा वळसा घेऊ नकोस.

६ जानेवारी, सकाळ

गहू कालपासून भिजत होता. आता शिजवून मध आणि खसखस घातलीय. ही खीर पाराश्कासारखी होणार नाही, पण ओरिसिया खाईल. बर्फातल्या भोकातून पकडलेला मोठा मासा तळायला ठेवलाय. रीतीप्रमाणे टेबलावर गवत पसरून त्यावर चादर घातली. ताट मांडलं नाही, ते दोघांनी मिळून मांडायचं ठरलंय. ती जेवणाच्या सुट्टीत निघेल, म्हणजे दिवस मावळायच्या आत पोचेल.

वाऱ्यानं दिशा बदललीय.

६ जानेवारी, दुपार

काही दिसत नाही. खिडकीबाहेर दूध ओतल्यासारखं झालंय. फोन मेला. शाळेत लावून बघायचा होता, ती निघाली की नाही ते विचारायला.

घंटा वाजवतोय. हात शेकायला आत आलो तेवढ्यात हे लिहितोय. वाटेवरच्या फांद्या पडल्या असतील.

नंतर

गाडीचा भोंगा ऐकू आला. सरोवरावरून. दोनदा वाजला, दुसऱ्यांदा लांबून. ती निघालीय. ती बर्फावर आहे आणि वाट चुकतेय.

मी दोरी ओढली आणि हाका मारल्या. ओरिसिया, ओरिसिया. गुडरूनबाईंचं सांगणं आठवलं, पण तोवर नाव तोंडातून गेलं होतं. पोर बर्फात हरवल्यावर बाप काय ‘अहो सगळे’ म्हणून हाक मारतो? पुन्हा मारल्या. घसा फुटेपर्यंत मारल्या.

भोंगा बंद झाला.

नंतर

दार उघडलं. तो टोपीवाला. दाढीत बर्फ. तो कोपऱ्यात गेला नाही. माझ्यासमोर आला आणि ओरिसियाच्या आवाजात म्हणाला, “बाबा, मी आले.”

मी घाबरायला हवं होतं. मी त्याला कॉफी दिली. आजच्या दिवशी दाराशी आलेल्याला कुणी परत पाठवत नाही.

हात भाजलेत की गोठलेत ते कळत नाही. पुन्हा बाहेर जातो. ती अजून तिथेच आहे.

नंतर

एक बाई आली. डोक्याला रुमाल, पायांत नमद्याचे फाटके बूट. म्हणाली, “बाबा, मी आले. किती हाका मारल्यास.” तिच्यामागून दोघं पुरुष. बाबा, मी आले. बाबा, मी आले. तोच आवाज. बोलतानाचा तो थोडासा शहरी हेलसुद्धा. शेगडीपाशी बसलेत, खांद्यांवरचा बर्फ वितळत नाही.

बाईनं विचारलं, आईचं ताट मांडलंस का रे? हे फोनवरचं. हे आमच्या दोघांचं होतं.

घंटा थांबवली तर हे यायचे थांबतील. घंटा थांबवली तर तीही—

वाजवतो.

नंतर

बाक भरले. अजून येताहेत. फांद्यांच्या वाटेनं एकामागून एक, मीच रोवलेल्या. दार उघडं धरून बघत होतो. त्यांच्यात ती नव्हती. सगळे म्हणत होते की ते तीच आहेत.

आत ओढून दार लावलं. कडी घातली. कडी घालायची नसते, माहीत आहे. मला एवढेच पुरेत. थोडा वेळ. घंटा अशीही वाऱ्यानं वाजतेय.

बोटं पांढरी पडलीत. पेन मुठीत धरून लिहितोय.

कुणीतरी मागून म्हणालं, बाबा, तू दगड नाहीस. मला एवढंच ऐकायचं होतं. कुणाच्या का तोंडून—

नंतर

दारावर थापा.

“बाबा, कडी का लावलीस? गाडी रुतली. चालत आले मी. पाय कळेनासे झालेत. उघड ना.”

तोच आवाज. पण ही धापा टाकतेय. रडतेय. आतल्यांत कुणालाच धाप लागली नव्हती.

ही ती आहे. मला कळतंय. अगदी नीट कळतंय.

सगळे माझ्याकडे बघताहेत. रुमालवाली म्हणाली, “बाहेर कुणी नाही बाबा. मी इथेच आहे की.”

उठतो.

—

अजून उठलो नाही. पाय आहेत, पण सांगितलेलं ऐकत नाहीत. ते दुखत असते तर उठलो असतो. काहीच दुखत नाही. एप्रिलपासून काही दुखलेलंच नाही.

थापा आता दाराच्या तळाशी होताहेत. खाली बसली असेल. हाक मारत नाही, नुसती नखं.

ती आत यायला मी फक्त चार पावलं—

रुमालवालीनं खिरीची वाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणते, बस बाबा, जेवून घे, गार होतंय. किती मायेनं म्हणते. सगळे थांबलेत माझ्यासाठी.

एक घास घेतो. एवढा एक घेतो आणि उठ—