सील फोडायचं नाही

१२ सप्टेंबर २०२०, शनिवार. सकाळी ६
आजपासून रोजनिशी. अशा काळात गावात निदान एक माणूस शांत डोक्याने विचार करत होता, याची कुठेतरी नोंद असावी.
काल हार्डवेअरच्या दुकानात गेलो. काडतुसांची फळी रिकामी. साथ, दंगे, वर निवडणूक. लोकांनी आधी टॉयलेट पेपर संपवला, आता काडतुसं. तहान लागल्यावर विहीर खणणारी जमात!
माझ्या गॅरेजमध्ये पस्तीस बोअरच्या काडतुसांची सहा खोकी आहेत, कंपनीच्या सीलसकट. खोक्यात दहा डब्या, डबीत वीस. जमवायला लागलो तेव्हा बहीण इलेन हसली होती. म्हणाली होती, रूडी, तुझा गुडघा गेला, शिकार सुटली, रायफलसुद्धा विकलीस. आता ही काडतुसं काय बटाट्याबरोबर उकडून खाणार?
आता हस म्हणावं.
निश्चय: एकही विकायचं नाही. भाव कितीही चढो.

१९ सप्टेंबर, शनिवार
इलेनकडे सौना, म्हणजे वाफेची अंघोळ. दर शनिवारी असतो. तिचा नवरा आर्वो पूर्वी वरच्या फळीवर बसायचा, जिथे वाफ जास्त. आता खालच्या फळीवर बसतो. फुप्फुसं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याचे बेत करू नका.
तिथेच त्याने विषय काढला. उघड्या अंगाने माणूस पळून जात नाही हे त्याला बरोबर ठाऊक. म्हणाला, पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम उघडतो, माझा हा शेवटचा. दुकानात पस्तीसचं औषधालाही नाही. तुझ्याकडची एक डबी दे. बरं, डबी राहू दे, पाच दे. पाच तरी कशाला, मी काय लढाईला निघालोय? एक दिलंस तरी भागेल.
मी म्हणालो, बघतो. नाही म्हणालो नाही. घरच्या माणसाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

२० सप्टेंबर
शांतपणे विचार केला. एक काडतूस द्यायचं तर डबी फोडायची. डबी काढायची तर खोक्याचं सील फोडायचं. म्हणजे एका काडतुसासाठी आख्खं खोकं बाटणार. आर्वोला हे कळत नाही. सत्तेचाळीस वर्षं दर मोसमाला दुकानातून एकच डबी आणली त्याने. याला नियोजन म्हणत नाहीत.
शिवाय अजून आठ आठवडे आहेत.

३ ऑक्टोबर
ग्रीन बे शहरातून एका गिऱ्हाइकाचा फोन. मी जाहिरात दिली नव्हती. एका साइटवर सहज चौकशी टाकली होती, फोटोसह. डबीला नव्वद डॉलर म्हणतो! मी तीस डॉलरला एक घेतली होती. अट एकच: सहाही खोकी सीलबंद हवीत. एक जरी फुटलेलं निघालं तर सौदा नाही.
मी म्हटलं, विकायचा विचारच नाही. एकशेदहा.
हे विकणं नव्हे. बाजाराची नाडी बघणं.

१० ऑक्टोबर, शनिवार
सौना. आर्वोने रायफल तेलपाणी करून ठेवली आहे. हार्डवेअरवाला त्याला म्हणाला होता, शहरातल्या दुकानांना फोन लावून कुठून तरी एक डबी मागवतो. आर्वो म्हणाला, कशाला, आमच्या रूडीकडे आहेत.
हे मला आवडलं नाही. परस्पर माझ्या गळ्यात घातलं.
मी सुचवलं की या वर्षी कुणाची दुसरी रायफल घे, दुसऱ्या बोअरची. आर्वो म्हणाला, सत्तेचाळीस वर्षांनी बायको बदल म्हणतोस होय? इलेन बाहेरून ओरडली, बदल रे बाबा, मी तरी सुटेन. खूप हसलो. आर्वो हसता हसता खोकायला लागला. बराच वेळ खोकत होता. मी टॉवेल शोधत राहिलो.

२४ ऑक्टोबर
सौनाला गेलो नाही. गुडघा.
ग्रीन बेवाला शंभरवर आला. मी एकशेदहाला चिकटून. निवडणुकीनंतर दीडशे होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती तीन नोव्हेंबरला, मोसम पंधराला. मधे बारा दिवस! सगळं बसतं.
निश्चय: विकून झालं की त्या पैशातून आर्वोला लोकरीचा जाड कोट घ्यायचा. काडतूस एकदा उडालं की संपलं. कोट टिकतो.
(कोट त्याला किती टिकायला हवा, हा प्रश्न मनात आला. काढून टाकला.)

६ नोव्हेंबर
ग्रीन बेवाला फोन उचलत नाही. मुद्दाम. मीही हटणार नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार
इलेन आली. मास्क लावून पायरीवरच उभी. आत ये म्हटलं, आली नाही. म्हणाली, रूडी, मी जन्मात तुझ्याकडे काही मागितलं नाही. (हे खरं नाही. १९८४ साली ट्रक मागितला होता.) म्हणाली, त्याला झाडाखाली बसायचंय, बस्स. मारेल न मारेल, देव जाणे. पण त्याला रिकामी बंदूक घेऊन बसायला लावू नकोस रे.
मी म्हणालो, उद्या. नक्की. शब्द देतो.
जाताना तिने फॉइलमध्ये गुंडाळलेली, मांस-बटाटा भरलेली पास्टी दिली. अजून गरम होती. मीठ थोडं कमी.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी ८. गॅरेज. खोकं टेबलावर. कटर हातात. शब्द म्हणजे शब्द.
८.४०. ग्रीन बेवाल्याचा मेसेज!! सोमवारी येतो. एकशेपाच. सीलबंद.
९. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मोसम तीस तारखेपर्यंत असतो. आर्वोने मंगळवारी जावं.
९.१०. पण सोमवारी सगळीच विकली तर आर्वोला काय द्यायचं? सोपं आहे. ग्रीन बेवाल्याकडून एक काडतूस मागून घेईन. एवढा माल घेणारा माणूस एकाला नाही म्हणेल का?
१०. आर्वोला फोन केला. गुडघ्याचं सांगितलं, सोमवारनंतर आणून देतो म्हटलं. तो म्हणाला, काळजी करू नकोस. गुडघा जप.
बघा. समजूतदार माणसाशी बोललं की सुटतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
ग्रीन बेवाला आला नाही. चारपर्यंत खिडकीत बसलो. त्याचा नंबर आता लागतही नाही.
पाचला इलेनचा फोन. आर्वो काल पहाटेच शिकारीला गेला, ठरल्या दिवशी. रिकामी रायफल मांडीवर घेऊन झाडाखाली बसला. दहाच्या सुमारास मोठा नर आला, आठ टोकांच्या शिंगांचा, तीस पावलांवर. आर्वोने रायफल उचलली, नेम धरला, श्वास रोखला (त्याने! श्वास!) आणि चाप ओढला. टक्. नराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि चालत निघून गेला. घरी येऊन आर्वो म्हणाला, नेम धरताना हात अजून हलत नाही बघ माझा. मग आडवा झाला, तो अजून अंथरुणातून उठलेला नाही.
म्हणजे हरीण दिसलं. नेम लागला. दिवस छान गेला. काडतुसावाचून काही अडलं नाही. माझा अंदाज बरोबरच होता.
 

२१ नोव्हेंबर, शनिवार
इलेनकडे गेलो नाही. सौना तापवला नसेलच.

२ डिसेंबर
आर्वो गेला. पहाटे, झोपेत.

५ डिसेंबर, शनिवार
सकाळी ७. एका खोक्याचं सील फोडलं. ते खोकं तसंच्या तसं घेऊन जाणार. दहाच्या दहा डब्या इलेनच्या पुढ्यात ठेवणार आणि म्हणणार, हे सगळं आर्वोचं. वाक्य आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिला खूप आधार वाटेल.

त्याच दिवशी. दुपारी ३
अंत्यविधीला साथीमुळे दहाच माणसं होती. शवपेटी उघडी. आर्वोला लाल चौकटीचा शिकारीचा शर्ट घातला होता. गळ्याशी खूप सैल.
मी खोकं खाली ठेवलं. इलेनने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वाकून एक डबी काढली, उघडली, त्यातलं एक काडतूस घेतलं. ते आर्वोच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. बटण लागेना, तेव्हा दोन्ही हातांनी लावलं. मला रडू फुटलं. लाज वाटली, पण थांबेना.
मग ती माझ्याकडे आली. डबी माझ्या हातात परत दिली. पर्स उघडून विचारलं, भाव काय चाललाय?
मी म्हणालो, अगं इलेन. ती म्हणाली, एकाचा सांग.
सगळे बघत होते. मी म्हणालो, सव्वापाच.
तिने पाचाची नोट काढली, चिल्लर शोधून पाव डॉलर काढला. मला म्हणायचं होतं, हे सगळं आर्वोचं. तीनदा पाठ केलेलं वाक्य, एक शब्द आठवेना. हात मात्र पुढे झाला.
मी पैसे घेतले.