शनिवारचं ताट

ब्रइला, ८ मार्च १९९८

चि. त्रायान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इटलीची कॉफी पोचली, आईने वास घेऊनच कपाटात ठेवली. आता वाईट बातमी. घरात झुरळांचा सुळसुळाट झालाय. पिठात, रेडिओत, आईच्या सपातांत. पाइपांतून साऱ्या इमारतीत पसरलीत. कमिटीचे पेत्कू दारात येऊन आईला म्हणाले, बाई, मेलेल्याला जेवू घालता आणि जित्यांच्या घरात किडे सोडता!

खोटं कसं म्हणू? गेलेल्या माणसाचं ताट आपल्यात चाळीसच दिवस ठेवतात. आई मात्र बाबा गेल्यापासून दोन वर्षं दर शनिवारी रात्री त्यांच्या खोलीच्या खिडकीत मक्याच्या पिठाची थोडी मामालिगा, चीज नि पाण्याचा पेला ठेवून दार लोटते. सकाळी ताट चाटूनपुसून लख्ख! मग ती दिवसभर गुणगुणते. म्हणते, आज त्याला भूक होती. पण ते ताट झुरळं फस्त करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला सांगू कोणत्या तोंडाने?

ईस्टरला येतोयस ना? गेली चार वर्षं सांगतोस तीच सबब सांगू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
व्हिओरिका

तोरिनो, २१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आजीचा उपाय कर. उकडलेल्या अंड्याचा बलक, साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेव. दोन गोळ्या पेत्कूच्या मिशीतही ठेव, तिथेही वस्ती असेल.

ईस्टरला जमत नाही गं. इथे राहण्याचे कागद अजून झालेले नाहीत. एकदा बाहेर पडलो की मला पुन्हा आत घेणार नाहीत. नाताळला नक्की. आईला सांग, मी पोटभर जेवतो.

माया पातळ होऊ देऊ नये, हीच मागणी.
त्रायान

ब्रइला, २० एप्रिल

चि. त्रायान यास आशीर्वाद.

गोळ्या लागू पडल्या. सुपल्या भरभरून झुरळं टाकली. पेत्कू चक्क टोपी काढून नमस्कार करतात.

पण ताट तसंच राहतं. मामालिगेला भेगा पडतात, चीज पिवळं होतं. आई मलाच विचारते, तू त्याला काय बोललीस म्हणून तो रुसला? काल ईस्टर असून तिने रिवाजाचं लाल अंडंसुद्धा फोडलं नाही. चार घास खाते आणि उठते. मला भीती वाटते रे.

व्हिओरिका

तोरिनो, २ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, वेडे, पहाटे तूच खाऊन टाक. बाबांच्या वाटचं तू खाल्लंस तर ते काही भांडायला येणार नाहीत. नाताळचंही आता नक्की सांगत नाही, कामावरचा मुकादम बदललाय, रजेचं काही खरं नाही. रागावू नकोस.

त्रायान

ब्रइला, २४ मे

चि. त्रायान यास.

तुझं ऐकून तीन शनिवार खाल्लं. आज आईने मला खिडकीपाशी पकडलं. रागावली नाही. म्हणाली, मला काय खुळी समजतेस? ताटातलं झुरळं खायची हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण माझ्या हातचं कोणीतरी संपवत होतं ना. तुला गिळवत नाही, दिसतंय मला. मला रडू आवरलं नाही.

खिडकीत आज दोन ताटं होती. दुसरं कुणाचं, मी विचारलं. त्रायानचं, म्हणाली. जित्या माणसाचं ताट तिथे ठेवत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. मी ते उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. म्हणाली, राहू दे, जे परत येत नाहीत त्यांना असंच वाढायचं असतं.

ये रे.
ताई