तीन शिक्क्यांचा स्लीपर

खांडबारा, पौष वद्य पंचमी

संताप आवरत नाही. पुलावरच्या रुळाखालचा सागाचा स्लीपर आतून कुजलेला निघाला आणि आज मालगाडी घसरली. नदीत गेली नाही, हे नशीब. स्लीपरवर मात्र माल पास केल्याचे तीन शिक्के ठसठशीत! जंगलात एक, डेपोत दुसरा, इथे तिसरा. इथल्या तपासनिसाला झापलं, तर म्हणतो, "आधीना दोन शिक्का व्हतात ना, मंग मी काय दखू?" म्हणजे शिक्का बघून शिक्का. लाकूड बघितलं कोणी? आणि हे शिक्के मारतात हातोडीने! पोकळ लाकूड बद्द वाजतं, तिघांपैकी एकालाही ऐकू येऊ नये? साहेबांनी तर कमालच केली. संध्याकाळी हुकूम काढला, यापुढे चौथा शिक्का. हातोडी मागवलीसुद्धा. कान कुठून मागवणार?