आचलची दुसऱ्या वर्षाची खोली

८ जून २०२५, रविवार

हॉस्टेलवाल्यांनी नाही म्हटलं! आचलच्या फोनवर आलं. कॉलेजच्या हॉस्टेलात जागा फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींना. दुसऱ्या वर्षाच्यांनी आपली सोय आपण पाहावी. एका वर्षात पोरीला बाहेर राहायची अक्कल येते, असं त्यांना वाटतं की काय? मी सत्तरी ओलांडली, मला अजून वर्ध्यात रस्ता ओलांडता येत नाही.

जुलै लागला की कॉलेज सुरू. हेमराजला फोन केला. तो आणि सूनबाई पुण्याकडे कंपनीत आहेत. म्हणाला, "तुमीच पाहून घ्या बाबा, मले सुट्टी नाई." नात चौथीपासून आमच्याजवळ आहे. आता माझ्याजवळ. तेव्हा पाहणं माझ्याकडेच आलं.

माझी रुखमा असती तर तिने घर कसं आहे ते पायरीवरूनच ओळखलं असतं. होळीनंतर गेली ती. मला यातलं काय कळतं!

९ जून

आचलने घर झाडायला काढलं. कणगीच्या मागे रुखमाच्या चपला निघाल्या. म्हणाली, आबाजी, कोणाला देऊन टाकू का?

राहू दे म्हटलं, तिथेच.

११ जून, बुधवार

आज आचलने सगळं समजावून सांगितलं. एक, सरकारी वसतिगृह. फॉर्म भरला आहे, यादी लागेल तेव्हा लागेल. दुसरं, पीजी. म्हणजे कोणाच्या तरी घरात खाट भाड्याने घ्यायची, डबा त्यांचाच. तिसरं, तिची मैत्रीण रक्षा आणि अजून एक पोरगी, तिघींनी मिळून खोली करायची आणि हाताने रांधायचं.

चौथी सोय मी सांगितली. अप-डाऊन. सकाळी फाट्यावरून एसटी, संध्याकाळी घरी. ताजं जेवण, स्वतःचं अंथरूण. काय वाईट आहे?

"पाहू," म्हणाली. तिचं 'पाहू' तिच्या आजीसारखं आहे. त्याचा अर्थ नाही असा होतो.

१४ जून, शनिवार

वर्ध्याला जाऊन आलो. पाय भरून आले आहेत, पण लिहून ठेवतो, नाहीतर दोन्ही जागा डोक्यात एक होतील.

पीजीच्या मॅडमनी आम्हाला बसवलं आणि आपला फोन दाखवला. त्यात त्यांचा जिना दिसत होता, स्वयंपाकघर दिसत होतं, फाटक दिसत होतं. कोणती पोरगी किती वाजता आली, सगळं दिसतं म्हणाल्या. मला तर आवडलं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग विचारलं, अंडी-मटण खाता का? मी खोकलो. आचल सरळ "खातो" म्हणाली. मॅडम म्हणाल्या, बाकी मुलींच्या घरी विचारून कळवते. जिना उतरताना आचल हळूच म्हणाली, "आबाजी, आताही आपण त्या फोनात दिसून राह्यलो." मी टोपी सरळ केली.

रक्षाची खोली नालवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला कठडा नाही! मालक म्हणतो, दिवाळीपर्यंत लागेल. तोवर पोरींनी भिंतीला धरून चढायचं? समोरच्या इमारतीत मुलांच्या खोल्या. खिडकीत बनियनी वाळत होत्या. मी दाराची कडी पाहिली, खिडकीच्या कड्या पाहिल्या, मोरीचं दार पाहिलं. रक्षा हसरी पोरगी आहे. म्हणाली, "आबाजी, कड्याच पाहून राह्यले तुमी. पंखा तं पाहा, कसा फिरते!" स्वयंपाक ती करणार आणि भांडी आचलकडे, असं त्यांचं आधीच ठरलेलं दिसलं. आचल हसली. होळीनंतर पहिल्यांदा तिला मोठ्याने हसताना ऐकलं.

त्या जिन्याचं काय करावं?

१७ जून, मंगळवार

शेजारच्या भागीरथने पत्ता दिला होता. आपल्याच गोंड समाजातली बाई आहे, धुरपताबाई. दवाखान्यात आया होती, आता घरी असते, एक खोली भाड्याने देते. गेलो.

लहानसं घर. अंगण सारवलेलं, कडुनिंबाची सावली, विहीर. खोलीला वेगळं दार, खिडकी अंगणाकडे, अभ्यासाला टेबल. कॉलेज पायी जाण्याइतकं जवळ. भाडं इतकं कमी की मला उलट भीती वाटली. आचल त्या टेबलावर हात फिरवत उभी राहिली.

बाईने चहा ठेवला आणि पहिलं हेच विचारलं, "कोनत्या देवाचे तुमी?" म्हटलं, सात देवांचे. ती हसली. "आमी सहा देवाचे. म्हंजे सोयरेच झाले तुमी!"

इथवर सगळं ठीक होतं. निघताना पायरीवर बूट दिसले. मोठे, काळे, नाडीचे, चकचकीत पॉलिश केलेले. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, "आहोत आमी," आणि कप उचलून आत गेली.

म्हणजे घरात तरणा पोरगा आहे! तिचं घरही आमच्यासारखं सात देवांचं, म्हणजे भाऊबंदांचं, असतं तर ते बूट आचलच्या भावाचे झाले असते. मग चिंता नव्हती. पण सहा आणि सात देवांची लग्नं होतात. अशा घरात लग्नाची पोरगी वर्षभर ठेवली तर गाव काय म्हणेल? दिली म्हणेल! न विचारता, न सांगता, जंगलूआबाने नात देऊन टाकली.

हे पोरीला कसं सांगायचं? रस्त्यात म्हटलं, तिथे पाण्याचा त्रास दिसतो.

"विहीर भरून होती, आबाजी."

म्हटलं, उन्हाळ्यात आटते. पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की आताच तर उन्हाळा संपतो आहे.

१८ जून

ते बूट डोळ्यांपुढून जात नाहीत. पॉलिश चांगलं होतं. म्हणजे पोरगा नोकरीवाला आहे.

२५ जून, बुधवार

सरकारी वसतिगृहाची यादी लागली. रक्षाचं नाव आहे. आचलचं नाही. तिसरी पोरगी पुलगाववरून रेल्वेने ये-जा करणार म्हणते. तेव्हा ती बिनकठड्याची खोलीही गेली. पीजीच्या मॅडमना फोन केला तर जागा भरली म्हणाल्या.

आचल रक्षाशी फोनवर खूप वेळ हसून बोलली. तिला शाबासकी दिली. मग अंगणात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

आता राहिली माझीच सोय. मी चेहरा पाडला. पण इथे खोटं कशाला लिहू? मला बरं वाटलं.

२ जुलै, बुधवार

अप-डाऊन सुरू. सकाळी डबा मी केला. भाजीत मीठ जास्त झालं. संध्याकाळी टॉर्च घेऊन फाट्यावर बसलो. तीन बसेस थांबल्या, चौथीत आचल. गावापर्यंत दोघं बोलत आलो. छान वाटलं.

९ जुलै

आज संध्याकाळची बस आलीच नाही. आचल जीपने आली. जीपमध्ये कोण कोण होतं विचारलं. ती पाय धुवायला गेली.

११ जुलै, शुक्रवार

जेवता जेवता झोपली. हात वरणभातात तसाच. मी तांब्या आणून तिचा हात धुतला, लहानपणी धूत होतो तसा. डोळे न उघडताच म्हणाली, "प्रॅक्टिकल बुडून राह्यले माहे. पाचची बस पकडाची तं अर्ध्यातून उठा लागते. सर म्हणाले, असंच चाललं तं परीक्षेले बसू देनार नाई."

मी हात पुसत होतो.

"आबाजी, त्या विहिरीत काय होतं?"

काय सांगणार? विहिरीत काही नव्हतं. भीती माझ्या पोटात होती. आणि तीसुद्धा सगळी बुटांचीच होती का, ते माझं मलाच माहीत.

१३ जुलै, रविवार

आचलला सांगितलं केळझरच्या गणपतीला जातो. फाट्यावरून उलट्या बाजूची बस धरली आणि एकटा वर्ध्याला गेलो. सोबत घरची तुरीची डाळ घेतली. रिकाम्या हाताने काय विचारणार?

बूट पायरीवर तसेच. धुरपताबाई तांदूळ निवडत होती. इकडची तिकडची चौकशी झाली. मग मी हिंमत करून विचारलं, पोरगा कुठे नोकरीला असतो?

"कोनाचा पोरगा?"

मी बुटांकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तांदूळ बाजूला ठेवून आत गेली, पॉलिशची डबी आणि फडकं घेऊन आली, आणि एक बूट मांडीवर घेऊन घासायला लागली.

"माह्या घरधन्याचे आहे. सिंदीले कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होते. त्यायले जाऊन सात वर्सं झाले."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, मग दारात कशाला?

"एकट्या बाईच्या दारात असे बूट दिसले का येनारा दोनदा इचार करते. फकत चमकले पाह्यजे. धूळ बसली का लोकायले समजते, घालनारा नाई म्हनून."

मला रागच आला. मग त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? माझी पोरगी तिकडे दहा-बारा दिवस एसटीत उभी आहे!

"सगळ्यायले सांगतलं तं बूट काय कामाचे?" ती शांतपणे म्हणाली. "लोक खोली पाहाले येते, बूट पाह्यते, अन् काही ना काही कारण काढून जाते. तुमी पयले नाई, सोयरे."

म्हणजे जे बूट तिला राखतात, तेच तिची खोली रिकामी ठेवतात. इतकी वर्षं हे तिने कोणाला न सांगता जपलं आणि आज मला सांगितलं. मग विचारलं, आचल राहायला आली तर बूट उचलणार का?

"उचलतो काऊन? आतालोक मी एकटी होतो, आता दोघी एकट्या राहू." स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग दुसरा बूट घेतला. "तुमच्या दारात कोनाचे जोडे असते?"

माझेच, म्हटलं.

"अन्?"

मी डाळीची थैली पुढे सरकवली. म्हटलं, पोरीला उद्याच आणतो.

१४ जुलै, सोमवार

पेटी, गादी, कुकर पोचवला. कडी चांगली आहे, लावून पाहिली. आचलने टेबल खिडकीशी ओढलं. मला म्हणाली, पाण्याचा त्रास दिसत नाही. मी म्हटलं, पाऊस झाला आहे.

बुटांचं तिला काही सांगितलं नाही. ते माझं सांगण्याचं नव्हे. जाताना पायरीवर माझा पाय एका बुटाला लागला. मी तो होता तसा नीट लावून ठेवला.

१६ जुलै

भाकरी दोन केल्या. एक उरली.

२० जुलै, रविवार

आचल काल आली. या आठवड्यात प्रॅक्टिकल एकही बुडालं नाही. सरांनी आधी बुडालेली भरून काढायची सोय केली आहे. धुरपताबाई तिला रोज सकाळी हाक मारून उठवते आणि आंबाडीची भाजी फार आंबट करते. रक्षा वसतिगृहातून अभ्यासाला येते, तीही ती भाजी खाऊन जाते.

जेवताना पाहिलं, तिच्या बोटांना नखांशी काळं लागलं होतं. धुऊनही न गेलेलं. पॉलिशचं. मी तिला अजून एक भाकरी वाढली.

संध्याकाळी मात्र तिनेच विचारलं, आबाजी, तुम्ही दार केव्हा लावता? म्हटलं, दिवस बुडाला की. कोण येतं संध्याकाळी? म्हटलं, कोण येणार! ती घरभर पाहत राहिली. घरात पाहण्यासारखं काय आहे?

२१ जुलै, सोमवार

आचल पहिल्या बसने गेली. अंधारातच तिला फाट्यावर सोडलं, उजाडल्यावर परत आलो तर दारात रुखमाच्या चपला. धुतलेल्या, माझ्या घरच्या चपलांना लागून ठेवलेल्या.

उचलल्या नाहीत. धूळ बसू द्यायची नाही.