बाराव्या ग्रीनवरची सावली

४ फेब्रुवारी

पुस्तकवाली आज परत आली. आमच्या गोल्फ क्लबचा इतिहास छापणार आहेत, आणि तो माझ्या डोक्यातून उपसायचं काम तिच्याकडे दिलंय. पोरगी चांगली आहे, पण एकच गोष्ट तीनदा विचारते. "काका, आधी कुठलं मैदान झालं?" अगं बाई, आधी झालं म्हणून तर त्याला जुनं म्हणतात!

तरी सांगितलं. जुनं मैदान सपाट, गुडघे गेलेल्या मेंबरांसाठी. नवं आम्ही टेकडीच्या अंगाने काढलं, आणि मोठी स्पर्धा नव्यावरच होते. कशामुळे? तर बाराव्या होलमुळे. तिथे खळग्याभोवतीच्या बारीक गवताला, ग्रीनला, खेटून म्हातारा उभा आहे. म्हातारा म्हणजे झाड, आम्ही कामगार त्याला म्हातारा म्हणतो. चेंडू सरळ मारला की त्याच्या फांद्यांत गेलाच. वळवून मारावा लागतो. ज्याला वळवता येतो तो कप घेऊन घरी जातो. क्लबच्या टायवर, कपबशीवर, चमच्यावर, सगळीकडे हेच झाड.

"ते तुम्ही वाचवलं म्हणे?"

हो. आराखडेवाला साहेब तोडायला निघाला होता. मी म्हटलं, साहेब, ग्रीन सरकतं, झाड सरकत नाही. आधी हसला. मग ग्रीन सरकवलं.

हे छापा म्हटलं. माझं नाव नाही घातलं तरी चालेल म्हटलं. घातलं तर बरंच आहे.

९ फेब्रुवारी

आमचा पोरगा येऊन गेला. मी हेड माळी होतो, तो ग्रीनकीपर आहे. काम तेच, पाटी महागली. खुर्चीच्या कडेवर बसला, म्हणजे काहीतरी मागायला आला होता.

बाराव्याचं ग्रीन जातंय म्हणाला. सावलीत गवत धरत नाही, टक्कल पडलंय. मेमध्ये स्पर्धा. त्याआधी तपासणीवाले येणार. ग्रीन नापास झालं तर स्पर्धा दुसऱ्या क्लबला, आणि त्याची नोकरी तिच्या पाठोपाठ.

"बाबा, पूर्वेकडच्या दोन फांद्या उतरवू दिल्या तरी ऊन येईल. कमिटी हात लावू देत नाही. तुमचं ऐकतील."

मी होतो तेव्हा दर वर्षी फांद्या विरळ करायचो. कुणाला विचारायचो नाही. आता म्हाताऱ्याला शिंक आली तरी कमिटी बसते. बघतो म्हटलं.

ही आतून म्हणाली, "बघता काय? जा."

१३ फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. पुढची खुर्ची दिली. सेक्रेटरी म्हणाला, "तुम्ही म्हणजे आमचा चालता-बोलता इतिहास." मग सरळ विचारलं, दोन मोठ्या फांद्या उतरवल्या तर झाडाला धोका आहे का?

आता काय सांगू? इतकी वर्षं कुणी हात लावला नाही, फांद्या मांडीएवढ्या झाल्यात. या वयात तेवढी जखम भरणार नाही. तेच सांगितलं. वय झालं त्याचं, म्हटलं, मोठी फांदी काढाल तर आतून कुजेल.

"मग विषय संपला," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या वाजल्या.

पोरगा दाराशी उभा होता. टाळ्या संपायच्या आत गेला. मी खोटं बोलायला हवं होतं का? खरं ते सांगितलं.

१४ फेब्रुवारी

हिने ताट आदळलं. भाजी खारट.

६ मार्च

म्हातारा शेंड्याकडून पिवळा पडतोय. त्याच्या पानगळीचे दिवस नाहीत हे. पोराला फोन केला. "वय झालंय ना त्याचं? तुम्हीच सांगितलंत कमिटीला." आणि ठेवला. बापाला टोमणे!

२५ मार्च

निम्मी पानं खाली. झाडांचा डॉक्टर आणला होता सेक्रेटरीने. त्याने खोडावर टकटक केलं, मान हलवली, बिल दिलं. मी रोज जाऊन बसतो. गवत कापणारा ट्रॅक्टरवाला थांबून म्हणतो, "काका, तुमच्या बरोबरीचे चालले." म्हटलं, तू ट्रॅक्टर बघ, चाक वाळूच्या बंकरमध्ये जाईल.

गंमत म्हणजे ग्रीन हिरवं होतंय. ऊन लागलं ना.

२ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवतो.

पुस्तकवालीला फोटो हवे होते, म्हातारा आहे तोवर. बुंध्याशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, ही भोकं कसली?"

वाकून बघितलं. मातीने लिंपलेली होती. नखाने खरवडलं. मुळं खोडाला येऊन मिळतात बरोबर तिथे, तिरकी, आत उतरती. नाक लावलं, झाड मारायच्या औषधाचा वास. बाहेरचा माणूस असता तर त्याने सरळ भोकं पाडली असती, औषध वाहून गेलं असतं. गिरमिट तिरकं धरायचं, भरलं की वरून माती लिंपायची, ही माझी रीत. नव्या मैदानावर तोडलेल्या झाडांचे खुंट पुन्हा फुटू नयेत म्हणून मारताना मीच बसवली. पोराला मीच शिकवली.

"कीड आहे का?" तिने विचारलं.

"कीडच," म्हटलं.

कुंपणानेच शेत खाल्लं. दोन फांद्या मिळाल्या नाहीत म्हणून अख्खं झाड! आणि माझ्याच रीतीने. जेवलो नाही. हिने ताट झाकून ठेवलं.

३ एप्रिल

मशीनच्या शेडमध्ये गेलो. पोरगा पाती घासत होता. म्हटलं, "म्हाताऱ्याला तू मारलंस?"

बघतच राहिला. मग मलाच विचारतो, "मारलं म्हणजे? कसं?"

म्हटलं, सोंग नको. तिरकी भोकं, वरून माती. तुझ्यामाझ्याखेरीज कुणाला येतं ते?

पातं खाली ठेवलं. हात पुसत बसला, पुसत बसला. मग म्हणाला, "हो. मीच."

एवढंच. माफी नाही, काही नाही. निघालो तर मागून म्हणाला, "आईपाशी काढू नका हे." आईची लाज वाटते. बापाची नाही.

४ एप्रिल

आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प बसावं असं एकदा वाटलं. पण मग डोळ्यांसमोर काय येतं? तो लहान असताना याच झाडाखाली मी त्याला गवत ओळखायला शिकवलं. परक्याने मारलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पोटच्या पोराने बापाची विद्या बापावरच चालवली. त्याला बोलूनसुद्धा दाखवता आलं नाही! भांडला असता, माझ्या नावाने चार शिव्या हासडल्या असत्या, तर चाललं असतं.

सेक्रेटरीकडे गेलो. सांगून टाकलं.

८ एप्रिल

पोराला काढलं. क्लबची खोली महिनाअखेर सोडायची. पोलिसात देत नाहीत, क्लबचं नाव खराब होतं म्हणून.

हिला मीच सांगितलं, बाहेरून कळण्यापेक्षा. हातातलं तसंच ठेवून खाली बसली. "तुम्ही सांगितलंत? त्याचं नाव?" म्हटलं, मग कुणाचं सांगू? खाल्ल्या घरचे वासे मोजले त्याने. तर म्हणाली, "तो हो म्हणाला?" तोंडावर म्हणाला, म्हटलं.

तशीच उठली. पोराकडे गेली, अंधार पडल्यावर आली. काय गुलुगुलू बोलले असतील ते असोत. आई नेहमी लेकाचीच.

२७ एप्रिल

तपासणीवाले येऊन गेले. बारावं पहिल्या नंबराने पास! गवत असं की त्यावर निजावं. नव्या ग्रीनकीपरची पाठ थोपटली. त्याला येऊन दोन आठवडे झाले नाहीत. आयत्या बिळावर नागोबा. ज्याने पेरलं, पाणी घातलं, त्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

म्हाताऱ्याचं खोड तसंच उभं ठेवणार. फांद्या नसलेला बरा दिसतो म्हणे. चेंडू आता सरळ मारता येतो. टायवर मात्र झाड तेच.

पुस्तकवाली आली होती. खाली मान घालून म्हणाली, "काका, 'वय झाल्यामुळे' असं लिहायला सांगितलंय. तुम्हीच मीटिंगमध्ये तसं म्हणालात म्हणे." भोकांचे फोटो? ते सेक्रेटरीने मागून घेतले. म्हणजे मी पोरगा दिला, आणि यांनी तो गालिच्याखाली सारला. यांच्यासाठी! चमच्यावरच्या झाडासाठी!

३० एप्रिल

पोराने टेम्पो भरला. दुसऱ्या गावात एका शाळेचं मैदान राखायचं काम मिळालंय. मी गेलो नाही. ही गेली. येताना डोळे सुजलेले. म्हटलं, केलं त्याचं भरलं त्याने. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उघडला.

२ मे

सकाळी लसूण सोलता सोलता म्हणाली, "झाड मी मारलं."

मी म्हटलं, पोराला वाचवायला आता काहीही बोलशील.

"नव्या मैदानाचे खुंट मारताना भोकं तुम्ही पाडायचात. औषध कोण ओतायचं? माती कोण लिंपायचं?"

ही. प्रत्येक खुंटाला ही होती. माझ्या लक्षातच नाही.

"तुम्ही मीटिंगमधून आलात आणि मला कळलं, पोराची नोकरी गेली. मी काय केलं ते त्याला सांगितलं नव्हतं. तुम्ही शेडमध्ये गेलात तेव्हा कळलं त्याला. मी सेक्रेटरीकडे निघाले होते, पोराने शपथ घातली. आता तो गेला, शपथ पुरे झाली."

हात धुतले, साडी बदलली. दारात उभी आहे. "चला. मीच सांगते, तुम्ही नुसते बरोबर या."

चप्पल सापडत नाही असं तिला सांगितलंय. पायातच आहे.